उजव्या मोहरीचा डाग

पाठपरिचय

सायकलवरून शाळेत, कचेरीत किंवा कारखान्यात जाणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. कामावर पोहोचल्यावर त्यांचे कपडे नीटनेटके असावेत, अशी सर्वांची अपेक्षा असते. पण वाटेत धूळ असते, ऊन असते, पाऊस असतो आणि सायकलच्या चेनचे काळे तेल असते. या सर्वांतून कपडे कसे सांभाळावेत, हे लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे. ते सांगताना स्वतःची एक चूकही त्याने लपवलेली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी किती जण सायकलवरून शाळेत येतात? हा प्रश्न मी वर्गात विचारला, तर बरेच हात वर होतील. आता दुसरा प्रश्न विचारतो. तुमच्यापैकी किती जणांच्या पँटच्या किंवा सलवारच्या उजव्या मोहरीवर काळा डाग आहे? आता कोणीच हात वर करणार नाही. सगळे जण हळूच आपल्या पायाकडे पाहतील.

लाजू नका. तसा डाग माझ्याही पँटवर पडला होता. बी.एड.च्या वर्गात मी न शिकलेली एक गोष्ट मला त्या डागाने शिकवली. तीच आज तुम्हांला सांगणार आहे.

मी मालेगावचा राहणारा. नाशिक जिल्ह्यातले हे शहर मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठी वसले आहे. यंत्रमागांसाठी ते प्रसिद्ध आहे. माझे अब्बा मागावर काम करीत. ते सायकलवरून कारखान्यात जात. तेथे गेल्यावर अंगातला सदरा-पायजमा काढून कापडी पिशवीत घालीत आणि ती पिशवी खुंटीला टांगीत. काम लुंगी आणि बनियन घालून चाले. मागावर कापसाचे बारीक तंतू उडतात. ते केसांना, भुवयांना, घामेजलेल्या अंगाला चिकटतात. पाळी संपली की अब्बा हातपाय व तोंड धूत, मग पिशवीतला सदरा अंगात घालीत आणि सायकलवर बसत. वाटेत भेटणाऱ्याला वाटे, हे आत्ताच घरातून निघाले आहेत. लहानपणी मला या गोष्टीचे काही विशेष वाटत नसे. तिची किंमत मला फार उशिरा कळली.

२०१६ साली मी शिक्षक झालो. शाळा शहराबाहेर आठ किलोमीटरवर होती. माझे एक सहकारी मोटारसायकलवरून जात. मी त्यांच्या मागे बसून जाई. त्यामुळे माझे कपडे स्वच्छ राहत. इस्त्रीची घडीसुद्धा मोडत नसे. परिपाठाच्या वेळी मुलांचा गणवेश तपासण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी फार कडकपणे करी.

नववीत एक मुलगा होता. अभ्यासात बरा, स्वभावाने अबोल. तो सहा किलोमीटरवरून सायकलने येई. त्याच्या पँटच्या उजव्या मोहरीवर नेहमी एक काळा डाग असे. मी त्याला दोनदा बजावले. तिसऱ्यांदा डाग दिसला, तेव्हा माझा संयम सुटला. सर्व वर्गासमोर मी त्याला म्हणालो, “तुझ्या घरी साबण नाही का?” वर्ग हसला. त्याने मान खाली घातली. मी त्याला एक तास वर्गाबाहेर उभे केले. आपण मुलांना स्वच्छतेचे वळण लावत आहोत, असे मला वाटत होते.

२०१८ च्या जूनमध्ये माझ्या सहकाऱ्यांना दुसऱ्या गावी नोकरी लागली. रोज रिक्षाचे भाडे द्यावे, एवढा माझा पगार नव्हता. मी एक जुनी सायकल विकत घेतली. पहिल्या दिवशी पांढरा सदरा आणि राखाडी पँट घालून ऐटीत निघालो. पाऊस अजून पडला नव्हता. रस्त्याच्या कडेची माती ट्रकच्या वाऱ्याने उडत होती. शाळेच्या फाटकापाशी उतरलो, तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. कॉलरवर मातीची रेघ उमटली होती. आणि उजव्या मोहरीवर बोटभर लांबीचा काळा डाग होता.

मी वर्गावर गेलो. मुलांनी माझ्या पायाकडे पाहिले. तो मुलगाही आता दहावीत आला होता. त्यानेही पाहिले. कोणी हसले नाही. मी शिक्षक होतो ना! तुमच्या घरी साबण नाही का, असे मला कोणी विचारले नाही. त्या शांततेत मला माझेच वाक्य ऐकू आले.

मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, “सर, चेन उजव्या बाजूला असते. निघताना उजवी मोहरी मोज्यात खोचा.”

मी विचारले, “तुला हे माहीत आहे, मग तुझ्या पँटला डाग कसा?”

तो म्हणाला, “सर, ही पँट भावाची आहे. मोहरी रुंद आहे. मी रबर लावतो. पण माझी चेन ढिली आहे. ती वाटेत उतरते. बसवताना हात काळे होतात आणि हात पँटला लागतो. अम्मी रोज रात्री पँट धुते. एकच आहे ना! डाग धुतलेलाच असतो, सर. फक्त तो निघत नाही.”

डाग धुतलेलाच असतो! ज्या पँटला मी अस्वच्छ म्हटले होते, ती रोज धुतली जात होती. माझी पँट मात्र दोन दिवसांनी एकदा धुतली जाई, पण तिला कोणी नावे ठेवत नव्हते.

त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला विचारले, शिंप्याला विचारले, अम्मीला विचारले. सर्वांत अधिक त्या मुलाकडून शिकलो. सायकलवर जाणाऱ्याच्या कपड्यांचे चार शत्रू असतात. ते म्हणजे तेल, धूळ, घाम आणि पाऊस. त्यांची ओळख एकेक करून घेऊ.

पहिला शत्रू तेल. चेनला तेल लागतेच. ते नसेल तर चेन गंजते आणि सायकल जड चालते. पण तेलाची गरज चेनच्या कड्यांच्या आत असते, बाहेर नसते. बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते. धूळ, तेल आणि झिजलेल्या लोखंडाचे बारीक कण मिळून ते काळे मिश्रण तयार होते. म्हणून तेलाचे थोडेच थेंब सोडावेत, पॅडल उलटे फिरवून ते आत मुरू द्यावेत आणि नंतर जुन्या चिंधीने चेन बाहेरून पुसून कोरडी करावी. एवढ्या एका सवयीने निम्मा त्रास कमी होतो.

चेन ढिली असेल तर ती उतरते. साध्या सायकलच्या मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक थोडे मागे ओढले, की चेन ताणली जाते. चेन मधोमध बोटाने वरखाली केली असता साधारण एक सेंटिमीटर हलावी. फार ताणली तरी ती लवकर झिजते. चाक सरळ बसले आहे ना, हे पाहून मगच नट आवळावेत. वाटेत चेन उतरलीच, तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून ती बसवावी. अशी एक पिशवी आणि एक चिंधी सीटखाली खोचून ठेवावी. हात काळे झाले नाहीत, म्हणजे पँटही काळी होत नाही.

मोहरी बांधण्यासाठी रबर, कापडी पट्टी किंवा पँटची क्लिप वापरावी. मोजा असेल तर मोहरी त्यात खोचावी. मोहरी आधी नडगीवर चापून एका बाजूला दुमडावी आणि मग बांधावी. नुसती गोळा करून बांधली तर चुरगळते. चेनकव्हर असेल तर उत्तमच. त्या मुलाच्या सायकलला आम्ही भंगारवाल्याकडून एक जुने चेनकव्हर आणून बसवले. मिस्त्रीने दोन स्क्रू लावले आणि पैसे घेतले नाहीत.

आता समजा, डाग पडलाच. तर काय करावे? पाण्याने चोळू नये. पाण्याने तेल निघत नाही. चोळल्याने ते मात्र पसरते. प्रथम रद्दी कागद दाबून वरचे तेल टिपून घ्यावे. मग त्यावर खडूची पूड किंवा अंगाला लावायची पावडर टाकावी. अर्ध्या तासात ती पूड बरेचसे तेल शोषून घेते. पूड झटकावी, डागाला साबण लावून थोडा वेळ ठेवावा आणि मग धुवावे. एकदा धुऊन डाग गेला नाही तर पुन्हा तेच करावे. तोपर्यंत त्या जागेवर इस्त्री फिरवू नये. उष्णतेने डाग पक्का होतो. काही जण रॉकेल किंवा पेट्रोलने डाग काढतात. तुम्ही तसे करू नका. त्यांची वाफही पेट घेते.

दुसरा शत्रू धूळ. मालेगावसारख्या कमी पावसाच्या भागात वर्षातले बरेच महिने धुळीचेच असतात. कोरडी धूळ कपड्यावरून झटकता येते. तीच घामावर बसली की चिखल होतो. म्हणून सायकल चालवताना सदऱ्यावर एक जुना, हलका सदरा घालावा आणि पोहोचल्यावर तो काढून, झटकून, खुंटीला लावावा. गळ्याभोवती रुमाल बांधला तर कॉलर मळत नाही. कापडाच्या रंगाचाही उपयोग होतो. ‘खाकी’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. मातीच्या रंगाचे ते खाकी. १८४० च्या दशकात पेशावर येथील एका पलटणीने हा रंग वर्दीसाठी घेतला आणि पुढे तो सर्वत्र पसरला. धुळीत काम करणाऱ्याने धुळीच्याच रंगाचे कपडे घातले, की धूळ दिसत नाही. पण ती असतेच, हे विसरू नका. खाकी कपडेही धुवावेच लागतात.

तिसरा शत्रू घाम. घाम येणे ही लाजेची गोष्ट नाही. घामामुळेच शरीर थंड राहते. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे सूक्ष्म जंतू घामावर वाढतात, तेव्हा वास येऊ लागतो. म्हणून घाम वेळेवर पुसला तर निम्मे काम होते. घरून दहा मिनिटे आधी निघावे. शेवटचा एक किलोमीटर सावकाश सायकल चालवावी. सायकल चालू असताना वारा लागतो म्हणून घाम सुकत राहतो. थांबल्यावर मात्र तो एकदम वाहू लागतो, हे तुम्ही अनुभवले असेल. त्या वेळी लगेच स्वच्छ सदरा घालू नये. पाच-दहा मिनिटे सावलीत बसावे, ओल्या पंचाने मान, पाठ आणि काखा पुसाव्यात, कोरडे व्हावे आणि मग कपडे बदलावेत.

दप्तर पाठीवर घेतले तर पाठ भिजते. ते कॅरिअरवर दोरीने घट्ट बांधावे. दोरीचे टोक लोंबते ठेवू नये, नाहीतर ते चाकात जाते. कापडाचाही विचार करावा. सुती कापड घाम शोषून घेते, अंगाला बरे वाटते, पण चुरगळते आणि हळू वाळते. पॉलिस्टर लवकर वाळते, पण त्यात उकडते आणि घामाचा वास राहतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही धागे असतात, त्यामुळे ते कमी चुरगळते. मी सायकलवर सुती बनियन घालतो आणि शाळेत घालायचा टेरिकॉटचा सदरा पिशवीत नेतो.

हा सदरा न चुरगळता कसा न्यावा? बटणे लावून तो पालथा पसरावा. मध्ये वर्तमानपत्राची चौकोनी घडी किंवा पुठ्ठा ठेवावा. बाह्या आणि दोन्ही बाजू त्यावर दुमडाव्यात आणि मग खालचा भाग वर घ्यावा. ही घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दप्तरात सर्वांत वर, सपाट ठेवावी. पँटची घडी घालण्यापेक्षा ती गुंडाळावी. गुंडाळलेल्या कापडावर करकरीत रेषा पडत नाहीत. पोहोचताच दोन्ही कपडे खुंटीला टांगावेत. एक गोष्ट मात्र कधीही करू नका. घामाने भिजलेला कपडा त्याच पिशवीत कोंबून ठेवू नका. ओलसर कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते तेलाच्या डागासारखेच चिवट असतात.

चौथा शत्रू पाऊस. पावसाचे पाणी वरून येते, तसे ते चाकावरून खालूनही येते. मडगार्ड नसेल तर मागचे चाक थेट पाठीवर चिखलाची रेघ ओढते. मडगार्डच्या टोकाला जुन्या ट्यूबचा एक तुकडा बांधला तर पायांवर उडणारा चिखलही कमी होतो. रेनकोटच्या आत घाम येतो, म्हणून बदलायचा सदरा पावसाळ्यातही बरोबर असावाच. एका हातात छत्री आणि एका हातात हँडल, असे कधीही करू नये. वारा आला की तोल जातो आणि एका हाताने नीट ब्रेकही लागत नाही. बूट भिजले तर त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. ते पाणी शोषून घेतात.

मुलींनो, तुमच्यासाठी एक गोष्ट या सर्वांहून महत्त्वाची आहे. मोहरी चेनमध्ये गेली तर डाग पडतो, पण ओढणी चाकात गेली तर जीव धोक्यात येतो. ओढणी गळ्याभोवती गुंडाळून तिची टोके मागे सोडू नका. टोके पुढे घेऊन कमरेशी गाठ मारा किंवा दोन्ही खांद्यांवर पिना लावा. बुरख्याचा किंवा अबायाचा घेर गोळा करून बसताना तो खाली दाबून घ्या. तो लोंबता राहू नये. पुढे आडवी नळी नसलेली आणि मागच्या चाकाला जाळी असलेली सायकल तुम्हांला सोयीची.

ही जाळी कोठून आली, हे ठाऊक आहे का? जॉन केम्प स्टार्ली या इंग्रज कारागिराने १८८५ साली ‘रोव्हर’ नावाची सायकल तयार केली. दोन जवळजवळ सारखी चाके आणि मागचे चाक फिरवणारी चेन, ही आजची रचना तेव्हापासून रूढ झाली. चेन आली आणि तिच्याबरोबर कपड्यांचा प्रश्नही आला. त्या काळी युरोपातील स्त्रिया पायघोळ झगे घालीत. ते चेनमध्ये आणि चाकात अडकू लागले. तेव्हा काही स्त्रियांनी पोशाख बदलला आणि कारागिरांनी सायकल बदलली. चेनवर कव्हर आले, चाकावर जाळी आली. हॉलंड देशात आजही लाखो लोक कामाच्या कपड्यांतच सायकलवरून जातात. तेथील बऱ्याच सायकलींची चेन पूर्णपणे झाकलेली असते. मुंबईचे डबेवालेही पहा. पांढरा पोशाख, डोक्यावर पांढरी टोपी आणि सायकलवर डब्यांचे ओझे! सायकल आणि स्वच्छ कपडे यांचे वैर नाही. त्यांचा मेळ मात्र घालावा लागतो.

आता माझ्या चुकीकडे वळू. हे सर्व शिकल्यावर एक काम बाकी होते आणि ते चेन बसवण्यापेक्षा कठीण होते. त्या मुलाला एकटा गाठून ‘चूक झाली’ असे म्हणणे सोपे होते. पण मी त्याला एकट्याला बोललो नव्हतो. सर्वांसमोर बोललो होतो. म्हणून एका सकाळी त्याच वर्गासमोर उभा राहून म्हणालो, “मागच्या वर्षी मी तुमच्या मित्राला डागासाठी वर्गाबाहेर उभे केले. त्याची पँट स्वच्छ होती. चूक माझी होती. मी न विचारताच शिक्षा केली.” वर्ग शांत होता. तो मुलगा बाकाकडे पाहत राहिला. पुढच्या तासाला त्याने पहिल्यांदाच प्रश्न विचारण्यासाठी हात वर केला.

नंतर आम्ही शाळेच्या व्हरांड्यात एक कोपरा तयार केला. भिंतीला खुंट्या ठोकल्या. एक बादली, साबण, चिंध्या, खडूच्या तुकड्यांची पूड, रबरे, सुई-दोरा आणि दोन पाने ठेवले. मुले त्याला ‘सायकल कोपरा’ म्हणू लागली. लांबून येणारी मुले तेथे पाच मिनिटे थांबत, हातपाय धूत, मोहरी सोडत आणि मग परिपाठाला येत. माझाही सदरा तेथेच एका खुंटीला असे. अब्बांची खुंटी मला तेव्हा आठवली. मागासमोर उभे राहण्याची त्यांना लाज नव्हती. पण काम वेगळे आणि आपण वेगळे, हे त्यांना ठाऊक होते. अंगावरची धूळ ही कामाची असते, माणसाची नसते.

मित्रांनो, कपडे स्वच्छ ठेवा. त्यासाठी महागडे कपडे लागत नाहीत. थोडे आधी निघावे लागते, एक चिंधी आणि एक रबर जवळ ठेवावे लागते. आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर डाग दिसला, तर हसण्याआधी थांबा. मी आजही परिपाठाच्या वेळी गणवेश पाहतो. पण आता माझा पहिला प्रश्न साबणाचा नसतो. मी विचारतो, “बाळ, आज कसा आलास? वाटेत चेन उतरली का?”

शब्दार्थ

मोहरी – पँट, पायजमा किंवा सलवार यांच्या खालच्या टोकाचा घेर
यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
पाळी – कारखान्यातील कामाची ठरलेली वेळ
परिपाठ – शाळा भरताना होणारी प्रार्थना व इतर कार्यक्रम
बजावणे – ताकीद देणे
ऐटीत – डौलाने, रुबाबात
नडगी – गुडघा व घोटा यांमधील पायाचे पुढचे हाड
चिंधी – जुन्या कापडाचा तुकडा
पंचा – अंग पुसण्याचे पातळ सुती वस्त्र
चिवट – सहज न निघणारा
पाना – नट आवळण्याचे व सैल करण्याचे हत्यार

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लेखकाचे अब्बा कोठे काम करीत?
(२) लेखकाने सायकल का विकत घेतली?
(३) सायकलवर जाणाऱ्याच्या कपड्यांचे चार शत्रू कोणते?
(४) तेलाच्या डागावर इस्त्री का फिरवू नये?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) “डाग धुतलेलाच असतो, सर,” असे मुलगा का म्हणाला?
(२) चेनचे तेल काळे का होते? ते कपड्यांना लागू नये म्हणून काय करावे?
(३) ओढणी घालून सायकल चालवताना कोणती काळजी घ्यावी?
(४) लेखकाने वर्गासमोरच चूक का कबूल केली? तुम्हांला ते योग्य वाटते का?

प्र. ३. रिकाम्या जागा भरा.
(१) निघताना उजवी मोहरी ______ खोचा.
(२) मातीच्या रंगाचे ते ______.
(३) दप्तर ______ दोरीने घट्ट बांधावे.

भाषाभ्यास

(अ) उर्दूत दोन लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. तो डाग, ती सायकल, ते कापड. पुढील शब्दांमागे तो, ती किंवा ते लिहा.
सदरा, चेन, तेल, धूळ, घाम, दप्तर, पँट, पाऊस, चाक.

(आ) ‘मोहरी’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक तुम्ही या पाठात वाचला. दुसरी मोहरी अम्मीच्या फोडणीत तडतडते. दोन्ही अर्थांनी एकेक वाक्य लिहा.

(इ) पायजमा, रुमाल, खिसा, अस्तर, पोशाख, खाकी हे शब्द उर्दूतही आहेत. उच्चारात किंवा अर्थात फरक आढळतो का ते पाहा. असे आणखी पाच शब्द शोधा.

उपक्रम

तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील सायकलवरून कामावर जाणाऱ्या एका व्यक्तीला भेटा. ती आपले कपडे कसे सांभाळते, हे विचारा आणि आठ-दहा ओळींत मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.